पळणारी कोण, थांबणारी कोण

पॅव्हिलियनमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ते घड्याळ अजून होते. फुटलेल्या शिट्ट्या, जोडी हरवलेले हातमोजे, वाळून लाकडासारखी झालेली चिकटपट्टीची गुंडाळी, आणि सगळ्यांच्या तळाशी पिवळ्या दोरीचे स्टॉपवॉच. दोरीला वास तोच होता: ओल्या गवताचा, घामाचा, आणि दुखऱ्या पोटऱ्यांना चोळायच्या मलमाचा झोंबरा वास. बटण दाबताच आकडे पळू लागले. माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी मी त्याचा वेग ताडून पाहिला. मोजमाप हा माझा पेशा आहे. मिल्टन कीन्समधल्या एका कंपनीत मी हालचाल मोजणारे सेन्सर तपासते. बराच वेळ पाहिले. दोन्ही घड्याळे पावलाला पाऊल जुळवून चालत होती. त्या स्टॉपवॉचमध्ये काडीचाही दोष नव्हता, आणि कधी असल्याचे चिन्हही नव्हते. तेव्हा इतक्या वर्षांनी, चहाचा कप दुसऱ्या हातात असताना, माझ्या कानशिलांत रक्त चढले.

निमित्त निरोपाचे होते. विद्यापीठाच्या मुलींच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे आमचे जुने कोच निवृत्त होत होते आणि त्यांनी माजी खेळाडूंना रविवारच्या चहाला बोलावले होते. स्टेशनवर मला घ्यायला इफे आली होती. इफे माझी त्या संघातली मैत्रीण. ब्रिटनमध्येच, एजवेअरला जन्मलेली, नायजेरियाहून आलेल्या नर्सची मुलगी. आता तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते, आणि गेली कित्येक वर्षे दर रविवारी इथे येऊन कोचची मदतनीस म्हणून उभी राहते. गाडी सुरू करता करता ती म्हणाली, "कोचची जागा मला हवी आहे. सांगून टाकते. तू चहा पिताना चेहरा असा पाडून बसू नकोस."

"असा म्हणजे कसा?"

"तुला कोणीतरी 'हुशार' म्हटल्यासारखा."

जिला हा खेळ ठाऊक नाही तिच्यासाठी थोडे सांगायला हवे. ब्रिटनमध्ये फुटबॉल पायाने खेळतात. आमचा तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटचा आणि खांद्यांवरच्या पॅडचा. अकरा जणी कधी जमल्या नाहीत म्हणून सात-सात जणींचा. प्रत्येक चाल जिच्या हातून सुरू होते ती क्वार्टरबॅक. तिच्या मैत्रिणी तिच्यापुढे अंगाची भिंत उभी करतात, आणि त्या भिंतीमागच्या ओंजळभर जागेला पॉकेट म्हणतात. एका जातीची क्वार्टरबॅक तिथे पाय रोवून थांबते, समोरचे मैदान वाचते आणि चेंडू लांब फेकते. दुसऱ्या जातीची भिंत ढासळण्याआधी चेंडू काखेत मारून स्वतःच पळत सुटते. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघांवरून यातली श्रेष्ठ कोण यावर तासन्‌तास वाद चालतात. त्या वादाला माझी हरकत नाही. कोणाला कुठल्या जातीत घालायचे हे चेंडू हातात येण्यापूर्वीच ठरलेले असते, याला आहे.

आमचे ठरले ते सप्टेंबरातल्या एका दुपारी. नुकत्याच कापलेल्या गवताचा हिरवा, किंचित आंबूस वास सगळीकडे पसरला होता. मैदानाच्या कडेला पॉप्लरची रांग होती आणि वारा आला की ती झाडे वर्गात कुजबुज सुरू व्हावी तशी वाजत. ती रांग आता नाही. तिच्या जागी गाड्या उभ्या करायची जागा आहे. कोच म्हणजे लालबुंद चेहऱ्याचा धिप्पाड इंग्रज गृहस्थ. तरुणपणी अमेरिकेत एक हंगाम खेळून आलेला आणि तो हंगाम आवाजात जपून ठेवलेला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याला विसरता आले असते.

"काय शिकतेस?" त्यांनी मला विचारले.

"फिजिक्स."

"छान. फारच छान." मग शेजारच्या इफेकडे वळून: "आणि तू शाळेत कुठली शर्यत पळायचीस?"

"कुठलीच नाही. बुद्धिबळ खेळायचे."

ते मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला. ती गणित शिकते हे त्यांना दुसरा हंगाम संपेपर्यंत ठाऊक नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते.

मग सगळ्यांना एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत पळायला लावले. मी मिल्टन कीन्समध्ये वाढले. तिथे प्रत्येकाला गाडी लागते; चौक नाहीत, गोलाकार वळणांमागून वळणे आहेत, आणि त्या सगळ्यांखालून लाल डांबराच्या पायवाटा शहरभर विणलेल्या आहेत. मोठी माणसे गाडीत बसत, म्हणून त्या वाटा माझ्या होत्या. मे महिन्यात काटेरी कुंपणांवर पांढऱ्या फुलांचा गोडसर, जरासा कुजका वास. हिवाळ्यात भुयारी वाटेतल्या ओल्या सिमेंटचा. भुयारात शिरले की माझ्या पावलांना दुसरी पावले येऊन मिळत, आणि बाहेर उजेडात आले की ती दुसरी मुलगी मागे राहून जाई. तिला गाठण्यासाठी मी परत वळत असे. मी कोणाला हरवण्यासाठी पळत नव्हते. पळताना माझ्याविषयी कोणाचे काहीही मत नसे, एवढेच.

तशी मी त्या दुपारी पळाले. रेषा ओलांडून मागे पाहिले तर कोच घड्याळ कानाशी धरून हलवत होते. बाजारात नारळ हलवून आत पाणी आहे का पाहतात, तसे.

"हे बिघडलंय," ते म्हणाले. "परत पळ बरं."

मी परत पळाले. घड्याळाने परत तेच सांगितले: सगळ्यांत वेगवान मीच. मग त्यांनी ते गळ्यात सोडून दिले आणि माझ्या खांद्यावर थोपटले. "काही हरकत नाही. पण तुझं डोकं आपण पळण्यात वाया घालवायचं नाही."

इफेची वेळ बेताचीच आली. तेव्हाही ते घड्याळाकडे नाराजीने पाहत म्हणाले, "तुझे पाय मोकळे व्हायला वेळ लागतोय. खरा वेग सामन्यात दिसेल." एकच उपकरण एकीच्या बाबतीत जास्त दाखवते आणि दुसरीच्या बाबतीत कमी, असा निष्कर्ष प्रयोगशाळेच्या वहीत कोणी लिहिला असता तर त्याला पुन्हा पहिल्या वर्षात बसवले असते. मैदानावर मात्र तो तीन हंगाम टिकला. मी थांबणारी झाले आणि इफे पळणारी झाली.

हंगाम म्हणजे काय, तर बुधवारी दुपारी सराव आणि रविवारी सामने. बुधवारी दुपारी वर्ग नसत. सारे विद्यापीठ चिखलात असे. ऑक्टोबरात मैदानावर पानांचा तपकिरी थर, त्याखाली गोगलगायी. दातांवर बसवायच्या रबरी पट्टीची प्लॅस्टिकची चव, ती जेवताना सुद्धा जिभेवर राही. हेल्मेट घातले की जग एकदम दूर जाई आणि स्वतःचा श्वास शेजारी कोणी झोपले असल्यासारखा ऐकू येई. जानेवारीत चेंडूचे कातडे दगडासारखे होई. झेलला की बोटांची हाडे वाजत. पॅडवर पॅड आदळले की मांडणीवरून डबे कोसळल्यासारखा आवाज. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी, त्यांचा रस फुटलेल्या ओठांना झोंबे. सामना असला की माझी आई नागपुरी पुडाच्या वड्या फॉइलमध्ये बांधून देई, कोथिंबीर ठासून भरलेल्या, आणि इफेची आई मिरचीने लाल झालेला भात. दोघींचे डबे एकाच बाकावर उघडत.

"तुझ्या आईला कोच करा," इफे दुसरी वडी उचलत म्हणे. "तिला निदान कशात काय भरायचं ते कळतं."

त्या काळात आमची एक खूण होती. मला मैदान वाचता येत नव्हते. मी प्रांजळपणे सांगते, आणि तेव्हाही सांगितले होते. पॉकेटमध्ये उभी राहिले की मला फक्त धावून येणाऱ्या मुली दिसत आणि पायांना बाहेरची वाट. इफेला मात्र सात जणी उभ्या राहिल्या की पुढच्या क्षणी त्या कुठे असतील ते दिसे. बुद्धिबळातल्यासारखे. ती माझ्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल अशी उभी असे. मग तिने ठरवले: तिने हेल्मेटच्या उजव्या कानाला हात लावला की उजवी बाजू मोकळी, डावीकडे लावला की डावी. आणि दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले, म्हणजे विचार नको, पळ.

मी त्या दोन तळव्यांची वाट पाहत असे. ती ते फार क्वचित करी, कारण मी पळाले की कोच रागावतील हे तिला माहीत होते. पण जेव्हा करी तेव्हा भिंतीतल्या फटीतून सुटण्याचा तो एक क्षण, थंड हवा दातांवर, मागे कोसळणारा आरडाओरडा, पायांखाली अचानक रिकामे झालेले मैदान. मला वाटते, माझ्या तरुणपणाचा खरा ऐवज तेवढाच आहे.

आणि नंतर काय होई? मी अशी पळून आले की कोच म्हणत, "काय वाचलंस तू. कधी पळायचं ते कळणं हीच अक्कल." एकदा मी चेंडू इफेच्या हाती दिला. ती पळाली नाही; थांबली. दोन मुली अंगावर येत असताना ती मान किंचित कलती करून थांबली, दूरच्या कोपऱ्याकडे एकदाही न पाहता तिने तिथेच चेंडू फेकला, आणि तो तिथे त्याच क्षणी पोहोचणाऱ्या मैत्रिणीच्या हातांत अलगद उतरला. तेव्हा ते म्हणाले, "उपजत आहे सगळं. रक्तातच असतं." माझ्या पायांचे श्रेय माझ्या डोक्याला गेले आणि तिच्या डोक्याचे तिच्या रक्ताला. जे विधान कुठल्याच पुराव्याने खोटे ठरू शकत नाही त्याला आम्ही विज्ञानात विधान मानत नाही. मी त्यांना खुणेविषयी सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि बाकीच्यांना म्हणाले, "बघा, केवढी नम्र मुलगी."

त्या रविवारचा सामना संपल्यावर बाबा मला न्यायला आले होते. बाबा नागपूरचे, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी मिल्टन कीन्सला आले. दर एप्रिलला आमच्या समाजाची जयंती भाड्याच्या कम्युनिटी हॉलमध्ये होते: निळ्या रिबिनी, मेणबत्त्यांचा वास, वंदनेनंतर घडीच्या खुर्च्या उघडल्याची खडखड. बाबा तिथे भाषण करतात. हातात कागद नसतो, आवाज चढत नाही, आणि मागच्या रांगेतली मुले फोन खाली ठेवतात. मला वाटे, सगळ्यांच्या वडिलांना असेच बोलता येत असेल.

गाडीत मी काचेला कपाळ टेकून बसले होते. एक गोल वळण गेले, दुसरे गेले.

"काहून रुसलीस?" बाबांनी विचारले. "जिंकलात ना?"

"ते मला पळू देत नाहीत. म्हणतात, तुझं काम डोक्याचं."

"बरंच आहे की."

"बाबा, मला पळायचंय."

काचेवरचे वायपर ये-जा करत होते.

"मला बोलायचं होतं," बाबा म्हणाले. "शाळेत. आमचे गुरुजी वाईट नव्हते हं. स्पर्धांची नावं घेताना आमच्या वस्तीतल्या पोरांकडे बघत आणि म्हणत, यांना रस्सीखेचमध्ये घ्या, यांच्या अंगात फार ताकद असते. आम्ही छाती फुगवायचो. वक्तृत्वाला नाव घ्यायची वेळ आली की दुसऱ्या बाकांकडे बघायचे. मी सगळी भाषणं खिडकीबाहेर उभा राहून पाठ केली. त्यांची सुद्धा, ज्यांना ती पाठ होत नव्हती."

"तुम्ही सांगितलं नाहीत गुरुजींना?"

"सांगितलं. ते म्हणाले, अरे, तू नसलास तर दोर कोण ओढणार." बाबा हसले. "आता इथे आलो तर आपण एकदम डोकं झालो. तिकडे हात होतो. मधे नुसतं विमानात बसलो."

पुढच्या वळणावर त्यांनी गाडी जरा जास्तच सावकाश घेतली. "कोणी स्तुती केली ना बाई, तर त्याचा हात बघत जा. पाठीवर आहे, की खांदा दाबून खाली बसवतोय."

मी हे इफेला सांगितले तेव्हा ती बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिली. मग म्हणाली, "तुझे बाबा निदान विमानात तरी बसले. मी एजवेअरलाच जन्मले, तरी पायच राहिले."

ती त्या मैदानावर विद्यार्थिनी म्हणून एकदाही क्वार्टरबॅक झाली नाही. हे वाक्य मी शांतपणे लिहू शकत नाही. लोक हरवलेल्या गोष्टींची आठवण काढतात तेव्हा त्या कधीतरी जवळ होत्या असे धरून चालतात. माझ्या आठवणीत जे सगळ्यात स्पष्ट हरवले आहे ते कधी घडलेच नाही: नोव्हेंबरची पांढरी सकाळ, पॉप्लरची झाडे वाजताहेत, आणि पॉकेटमध्ये इफे मान कलती करून निवांत उभी आहे. आणि तिच्या बाजूने, सगळ्यांच्या पुढे, मी पळते आहे.

चहाच्या खोलीत भिंतीवरचे जुने संघ आमच्याकडे पाहत होते. केकच्या क्रीमचा आणि ओल्या कोटांचा वास होता. आताच्या संघातल्या मुली चिखलाचे मोजे काढून खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घालत होत्या. कोचनी चमचा कपावर वाजवला आणि मला खांद्याला धरून पुढे आणले.

"ही आमची सगळ्यात विचारी क्वार्टरबॅक," ते मुलींना म्हणाले. "माझ्यामागे संघ हिने घ्यावा असं मी तुमच्या समितीला सुचवतोय. या कामाला डोकं लागतं. आणि तुम्हाला पळवायला इफे आहेच."

मी एकदाही कोणाला शिकवलेले नाही. इफे हातातली बशी टेबलावर ठेवत होती. तिने ती अजिबात आवाज न करता ठेवली. त्या नसलेल्या आवाजाचा मला जितका संताप आला तितका तीन हंगामांत आला नव्हता.

मी खांद्यावरचा हात बाजूला केला. "मी इथे काही वाचत नव्हते," मी मुलींना म्हणाले. "कुठली बाजू मोकळी आहे ते मला इफे सांगायची. कानाला हात लावून. मी फक्त तिकडे फेकायचे. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. मला ही जागा नको, आणि ती माझ्यापुढे ठेवायलाच नको होती. जिला येतं ती इतकी वर्षं तुमच्यासमोर उभी आहे."

"बघा," कोच प्रेमाने म्हणाले, "केवढा विचार करून बोलते."

मुलींपैकी कोणी हसले नाही. चष्मा लावलेली बुटकी वेल्श कप्तान रेडिएटरपाशी उभी होती. तिने विचारले, "उजव्या कानाला हात म्हणजे उजवी बाजू मोकळी?"

"हो."

"आम्ही अजून तेच करतो." ती कोचकडे वळली. "आम्हाला वाटायचं, ते तुम्ही अमेरिकेहून आणलं."

कोचनी चहा ढवळला. त्यात साखर नव्हती. इफे खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बुद्धिबळात खुणा करायला मनाई असते. म्हणून हा खेळ घेतला."

आमच्याकडे विद्यापीठाचे क्लब विद्यार्थीच चालवतात. कोचचा शब्द मानायची रीत असते, पण ठरवते ती मुलींची समिती. कप्तानने बाकीच्या दोघी-तिघींकडे पाहिले. कोणी हात वर केले नाहीत, कोणी कागद काढला नाही. त्यांनी रेडिएटरवरचे ओले मोजे उचलले आणि परत पायांत घालायला सुरुवात केली.

"उजेड आहे अजून," कप्तान म्हणाली. "कोच, कुठून सुरू करायचं?"

जुन्या कोचनी सवयीने तोंड उघडले. पण ती त्यांच्या पलीकडे, इफेकडे पाहत होती.

"पॉकेटपासून," इफे म्हणाली. "सगळ्या जणी. आळीपाळीने."

बाहेर हवेला लोखंडाचा वास होता. नवख्या मुलींपैकी दोघींना पॉकेटमध्ये उभे राहायचा कंटाळा, दुसऱ्या दोघींना पळायचा. इफे प्रत्येकीला दोन्ही करायला लावत होती आणि कोणालाही काय शिकतेस ते विचारत नव्हती. मी रेषेपाशी उभी राहून पाहत होते. मला आनंद झाला नाही असे नाही. पण एका दुपारीने तीन हंगाम भरून येत नाहीत, आणि ते भरून आले असे मानून घरी जायला मी तयार नव्हते.

इफेने माझ्याकडे हात पुढे केला. "ते घड्याळ दे. खिशात घालताना बघितलंय मी."

मी दिले. तिने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पिवळी दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले.

मी बूट काढले. गवत इतके थंड होते की पहिल्या पावलाला श्वास अडकला. मग वाटेने माझे पाय घेतले. कोट सुटला, केस सुटले, आणि कुठल्याशा भुयारातून बाहेर पडावे तशी मी तिच्या बाजूने निघून गेले.

परत आले तेव्हा ती आकड्याकडे पाहत होती. मग तिने अतिशय गंभीर चेहऱ्याने घड्याळ कानाशी धरले आणि हलवले.

"बिघडलंय," ती म्हणाली.

पॅव्हिलियनच्या दारातून, हातात कप घेऊन, कोच म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

इफे गुडघ्यांवर हात टेकून हसू लागली. मुली हसू लागल्या. मी हसले नाही. तिच्या हातातून घड्याळ घेतले, आकडे शून्यावर आणून ते दारात उभ्या असलेल्या कोचच्या तळहातावर ठेवले, आणि अनवाणीच परत रेषेवर जाऊन उभी राहिले.